गुंठे, आर आणि माझे पहिले शंभर डॉलर

मागच्या आठवड्यात नणंदेच्या मुलाने फोनवर विचारलं, मामी, वेबसाइटवरच्या जाहिरातींतून खरंच पैसे येतात का? मी सांगायला लागले आणि तेवढ्यात त्याची बस आली, ते बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं, त्यालाही पाठवता येईल आणि अजून कोणाला उपयोग झाला तर झाला.

तर येतात. मला येतात. साधारण तीन महिन्यांतून एकदा शंभर डॉलरच्या थोडे वर. एवढ्यावर घर चालत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कोणी नोकरी सोडून याच्या मागे लागू नये. पण हे पैसे माझे आहेत आणि मला त्यांचा फार अभिमान आहे.

मी इंदूरला लोकमान्य नगरमध्ये राहते. आधी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अकाउंट्स बघायचे, २०१९ मध्ये सासूबाईंच्या आजारपणात ते सुटलं, मग लॉकडाऊन आला आणि घरात बसल्या बसल्या व्हिडिओ बघून पहिली साइट केली. शुभेच्छांची. दिवाळीच्या शुभेच्छा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, संक्रांतीचे मेसेज, सगळं इकडून तिकडून गोळा केलेलं. डोमेन म्हणजे साइटचं नाव घेतलं, होस्टिंग म्हणजे ती ठेवायची जागा घेतली, साइट बनवायचं वर्डप्रेस टाकलं, दीडशे पानं केली आणि ॲडसेन्सला, म्हणजे साइटवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेला, अर्ज केला. नकार आला, कारण दिलं होतं कमी मूल्याचा मजकूर. तेव्हा खूप राग आला होता, दीडशे पानं केली होती ना मी! आता वाटतं की बरोबरच होतं ते. तेच मेसेज आधीच हजार ठिकाणी होते, माझं त्यात काय होतं? काहीच नाही.

दुसरी साइट रेसिपीची. यात निदान पदार्थ माझ्या हातचे होते, भुट्ट्याचा कीस, गराडू म्हणजे तळून खायचा कंद, इंदुरी पोहे, शेवेची भाजी, असं सगळं आपल्या मराठीत. माणसं यायची पण मोसमाप्रमाणे, भुट्ट्याचा कीस पावसाळ्यात, गराडू थंडीत, बाकी वर्षभर शुकशुकाट. तेव्हा कळलं की भुट्ट्याचा कीस शोधणारा बहुतेक इंदूरचाच असतो आणि तो मराठीत कशाला शोधेल, त्याला तर बाजूची काकूच सांगते.

खरी गोष्ट सुरू झाली ती बार्शीच्या मामाच्या फोनने. आजोळच्या जमिनीच्या वाटण्या चालल्या होत्या आणि मामा म्हणाला, अगं तू अकाउंटवाली आहेस, जरा बघ, सातबाऱ्यावर ०.८१ लिहिलंय, म्हणजे मला एक एकरसुद्धा नाही आली का? बिचारा दोन दिवस झोपला नव्हता. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं हेक्टर आणि आरमध्ये, आणि आपली जुनी माणसं बोलतात एकर आणि गुंठ्यात. ०.८१ हेक्टर म्हणजे ८१ आर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या थोडा वर. ४० गुंठ्यांचा एकर. हिशोब केला तर ८१ आरचे झाले ८० गुंठे, म्हणजे पुरते दोन एकर. मामाला सांगितलं तर पलीकडून आवाजच येईना, मग म्हणाला, अगं लिहून पाठव, इथे सगळ्यांनाच हा प्रश्न आहे.

सगळ्यांनाच. हा शब्द माझ्या डोक्यात राहिला.

मग एक साधं पान केलं. वर एक चौकोन, त्यात हेक्टर-आर टाका, खाली एकर-गुंठे, चौरस फूट, चौरस मीटर येणार. कोडिंग मला येत नव्हतं, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून दोन दुपारी शिकले, त्याबदल्यात त्याला डबा. मामाने लिंक गावच्या ग्रुपवर टाकली आणि पहिल्याच दिवशी चाळीस लोक आले, माझ्या शुभेच्छांच्या साइटवर चार महिन्यांत एवढी खरी माणसं आली नसतील.

पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार. आता कारण उलटं होतं, पानावर नुसता चौकोन आणि आकडा, वाचायला काहीच नाही. म्हणून मी लिहायला बसले. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, काय असतो आणि तो एकूण क्षेत्रात कसा धरतात, आकार म्हणजे जमिनीचा सारा, आठ-अ सातबाऱ्यापेक्षा वेगळा कसा, तर सातबारा एका गटाचा असतो आणि आठ-अ एका खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनीचा, फेरफार कशाला म्हणतात, असं एकेक. मामाला रोज संध्याकाळी फोन, तो बांधावरून बोलायचा, मी वहीत उतरवून घ्यायचे, मग सरकारी साइटवर जाऊन ताडून बघायचे. बारा पानं झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये मंजुरी आली.

आणि इथेच माझ्याकडून एक मोठी चूक झाली, ती सांगते कारण तिने मला सगळ्यात जास्त शिकवलं. मी एकर-गुंठ्यांसाठी एकच चौकोन ठेवला होता. आता खेड्यातला माणूस २ एकर २० गुंठे लिहिताना २.२० असं लिहितो. माझं पान ते दशांश समजायचं, २.२ एकर, म्हणजे ८८ गुंठे. खरे गुंठे किती, तर १००! बारा गुंठ्यांचा फरक, तेरा हजार चौरस फुटांपेक्षा जास्त. परभणीकडच्या एका माणसाने मेल केला, ताई तुमच्या आकड्यावरून आमच्यात भांडण झालं, तुम्ही एकदा तपासा. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. भावाभावांची वाटणी आणि त्यात माझा आकडा! रात्रीच दोन चौकोन वेगळे केले, एकर वेगळा गुंठा वेगळा, गुंठ्यात ४० किंवा जास्त टाकलं की लाल अक्षरात सूचना, आणि वर ठळक लिहिलं की आधी इथे चूक होती, अमुक तारखेच्या आधी बघितलं असेल तर पुन्हा मोजा. त्या माणसाला उत्तर लिहिलं, माफी मागितली. त्याने नंतर त्याच्या तालुक्याच्या ग्रुपवर लिंक टाकली, आणि माझ्या साइटवर परभणीहून अजूनही सगळ्यात जास्त माणसं येतात.

आता जाहिरातींचं. बऱ्याच जणांना वाटतं की जाहिरात आपण निवडतो आणि कोणीतरी महिन्याचे ठरलेले पैसे देतं. तसं नाहीये. पान उघडताना त्या क्षणी आतल्या आत लिलाव होतो, कोण जास्त बोली लावतो त्याची जाहिरात दिसते, आणि त्यातला एक भाग आपल्याला. माझ्या सुरुवातीच्या काळात जाहिरातदाराच्या पैशातले ६८ टक्के साइटवाल्याला असा हिशोब होता. २०२४ च्या सुरुवातीपासून पद्धत बदलली, आता क्लिकपेक्षा जाहिरात दिसण्यावर पैसे मोजले जातात, आणि हिस्सा सांगायची पद्धतही बदलली, जाहिरातदार ज्या प्लॅटफॉर्मवरून बोली लावतो त्याची फी गेल्यावर उरलेल्यातले ८० टक्के, पण गूगलनेच सांगितल्याप्रमाणे गोळाबेरीज साधारण तेवढीच येते.

बोली कोणासाठी किती लागते हे माणूस कुठे बसलाय, काय वाचतोय, वर्षातला कुठला महिना आहे यावर असतं. दिवाळीच्या आधी चढते, जानेवारीत धपकन पडते. मराठी पानाला भाव कमी, हे मान्य करूनच चालायचं, माझी पानं हजार वेळा उघडली गेली की अर्धा डॉलर, कधी थोडा जास्त. तेच माझं एक पान इंग्रजीत आहे, बाहेर देशात राहणारे आणि गावाकडे जमीन असलेले लोक बघतात, त्याला चौपट-पाचपट मिळतं. मला सगळ्यांनी सांगितलं की मग सगळं इंग्रजीतच कर. पण मामा इंग्रजी वाचत नाही, आणि परभणीचा तो माणूस पण नाही. मी मराठीच ठेवलं.

पहिल्या दिवशी कमाई तीन सेंट. रोज सकाळी चहाच्या आधी तेच बघायचे, सहा सेंट, अकरा सेंट, पुन्हा चार. नवरा म्हणायचा, तू एवढं बघतेस त्याने ते वाढणारे का? पण तो खुश होता, खोटं कशाला बोलू.

दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला एक पत्र येतं, साध्या टपालाने, त्यात पिन नंबर असतो. मी पत्ता इंग्रजीत टाकताना घर नंबर आणि कॉलनी टाकली पण मागचं मंदिर आणि गल्ली राहिली, आमच्याकडे एकाच नंबरची तीन घरं आहेत. महिना गेला, पत्र नाही. दुसरं मागवलं, नाही. तिसऱ्यांदा मागवण्याआधी पत्ता नीट केला आणि आमच्या पोस्टमनदादांना आधीच सांगून ठेवलं की असं असं पाकीट येणारे. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती बंद होतात, माझे तीन महिने गेले होते. पाकीट आलं त्या दिवशी पोस्टमनदादांनी बाहेरूनच आवाज दिला, भाभीजी, आपका विदेशवाला आ गया!

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, घरच्यांना क्लिक करू देऊ नका. आमच्या भाऊजींना माझं भारी कौतुक, त्यांनी मला न विचारता घरच्या ग्रुपवर लिहिलं की वहिनीच्या साइटवर जाऊन सगळ्यांनी रोज पाच जाहिरातींवर क्लिक करा, तिला मदत होईल. त्या दोन दिवसांत सात डॉलर झाले, मी आनंदाने आईला फोन केला. तिसऱ्या दिवशी जाहिराती दिसणंच जवळजवळ बंद, खात्यात सूचना की अवैध ट्रॅफिकमुळे, म्हणजे खोट्या भेटी आणि क्लिकमुळे, मर्यादा घातलीये. मला आधी कळेना, मग शहरांचा रिपोर्ट बघितला तर इंदूर, देवास, पुणे, जिथे जिथे आमचे नातेवाईक तिथे तिथे. असल्या क्लिकवर जाहिरातदाराचे पैसे जातात आणि त्याला खरा गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणजे ती फसवणूकच झाली, मदत म्हणून केली तरी. मी ग्रुपवर हात जोडून लिहिलं. आत्यासासूबाईंना फार वाईट वाटलं, म्हणाल्या, अगं मी तर चष्मा लावून न चुकता करत होते. त्यांना काय बोलणार, उलट मलाच भरून आलं. अशा क्लिकची माहिती द्यायचा एक फॉर्म असतो, तो भरून जे झालं ते खरं खरं लिहिलं. महिन्याभराने मर्यादा उठली आणि महिन्याच्या हिशोबातून ते पैसे वजा झाले. सुरुवातीला दिसते ती अंदाजे कमाई असते, पक्की नंतर ठरते, हे तेव्हा समजलं.

त्याच सुमारास मी ऑटो जाहिराती, म्हणजे गूगल स्वतःच जागा निवडून लावतं त्या, आवरल्या. सगळं चालू ठेवलं की पैसे थोडे वाढतात, पण मोबाईलवर खाली चिकटून राहणारी पट्टी नेमकी माझ्या उत्तराच्या आकड्यावर यायची, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पूर्ण स्क्रीनची जाहिरात. मी डोळ्यासमोर मामाला आणलं, उन्हात उभा, स्क्रीन नीट दिसत नाही, अंगठा मोठा, तो बंद करायला जाणार आणि जाहिरातीवर दाबणार. बंद केलं दोन्ही. ज्योतिष आणि झटपट श्रीमंत व्हा असल्या वर्गातल्या जाहिरातीही अडवल्या, तशी सोय आहे, कमाई थोडी घटली. जमिनीच्या चिंतेत असलेल्या माणसाला मी ते दाखवणार नाही.

अजून एक छोटं, एडीएस डॉट टीएक्सटी नावाची एक फाइल लागते, एकच ओळ असते, आपली जाहिरातीची जागा विकायचा हक्क कोणाला आहे ते सांगणारी. ती साइटच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्येच ठेवायची, मी आतल्या फोल्डरमध्ये ठेवली आणि दोन आठवडे कमाई धोक्यात असल्याची लाल पट्टी बघत बसले.

शंभर डॉलर व्हायला अकरा महिने लागले. त्याआधी पैसे निघत नाहीत. जुलै २०२३ मध्ये आकडा पार झाला आणि मग बँकेची धावपळ. बाहेरून पैसे यायला स्विफ्ट कोड लागतो आणि तो प्रत्येक शाखेला नसतो, माझ्या शाखेला नव्हता. तिथल्या साहेबांनी मोठ्या शाखेत पाठवलं, तिथल्या मॅडमनी विचारलं, ये विज्ञापन आपने दिया है या आपको मिला है? मी म्हटलं मेरी वेबसाइट पर लगता है. मग म्हणाल्या, तो आप अखबार हो? अगदी बरोबर समजलं होतं त्यांना, मी म्हटलं हां, छोटा सा, ज़मीन के नाप का. अमेरिकेच्या टॅक्सचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म ऑनलाइन आधीच भरला होता, त्यात पॅन नंबर टाकायचा. पैसे महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. निघाले, आणि बँकेतून फोन की हे कशाचे आहेत ते लेखी द्या. परकीय पैशाला एक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, द्यावा लागतो, जाहिरातीसाठीचा पी१००७, तो मी वहीत लिहून नेला होता म्हणून काम एका चकरेत झालं. बँकेचे चार्जेस जाऊन हातात आठ हजार दोनशेच्या आसपास आले. बँकेची आलेली पावती जपून ठेवा, सीए मागतात, आणि रक्कम कितीही छोटी असो, रिटर्नमध्ये दाखवा, मी दाखवते.

त्या पैशातले दोन हजार मामाला पाठवले. त्याने परत पाठवले. मी पुन्हा पाठवले. मग त्याने त्याचं बियाणं आणलं आणि मला पिशवीचा फोटो पाठवला.

आता अलीकडे माणसं थोडी कमी झालीत, कारण १ आर म्हणजे किती गुंठे असं विचारलं की सर्चच्या पानावरच वर उत्तर येऊन जातं, कोणी आत येत नाही. ज्या पानावर नुसतं एक गुणाकाराचं उत्तर होतं ती पानं पडली. पण २.२० चं काय, पोटखरब्याचं काय, आठ-अ वरची बेरीज सातबाऱ्यांशी का जुळत नाही, याला लोक अजून येतात, थांबतात, मेल करतात. मी आता तीच पानं वाढवतेय.

सध्या बिघ्याचं पान हातात आहे, बिघा म्हणजे इकडचं जमिनीचं माप. इथल्या मराठी लोकांकडून फार मागणी आहे, ज्यांची जमीन इकडे मध्य प्रदेशात आहे आणि भाऊबंद महाराष्ट्रात. मी आधी इंटरनेटवरचा एक आकडा घेऊन पान बनवायला बसले होते, तर गल्लीतले निवृत्त पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी, काका म्हणाले, असं करू नकोस, बिघा सगळीकडे एक नसतो, आधी विचार की जमीन कुठली, कुठल्या तहसीलची, आणि मग आकडा दे. म्हणजे चौकोनाच्या आधी एक प्रश्न घालावा लागणार. त्यांच्याकडे नोकरीच्या काळातली एक वही आहे, त्यात त्यांनी गावागावांची मापं लिहून ठेवलीत. ते रविवारी सकाळी ती घेऊन येणारेत. मी पोहे भिजवून ठेवणारे, पोह्यांवर भुरभुरायचं जीरावण त्यांना जास्त लागतं, आणि आधी त्या वहीच्या एकेका पानाचा फोटो काढून घेणारे, मग बाकीचं.